टाकाऊ वाऱ्याची चाकरी

दिवाळी अंकासाठी मोटारींविषयी काहीतरी लिहावे असे संपादकांचे फर्मान निघाले, तेव्हा स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे माझा मुक्काम आधीच ठरलेला होता. आणि व्होल्वो कंपनीने १९२७ साली ज्या शहरात आपली पहिली मोटार रस्त्यावर आणली त्या शहरी राहून विषयासाठी अन्यत्र वणवण करणे म्हणजे गंगेकाठी राहून विहीर खणण्यापैकीच होते. त्याआधी दोन वर्षे, १९९३ च्या मे महिन्यात, कंपनीने आपली २४० ही मोटार बंद केली होती. एकोणीस वर्षे जवळजवळ त्याच चौकोनी रूपात निघणाऱ्या आणि म्हणूनच 'वीट' हे टोपणनाव मिळालेल्या त्या गाडीच्या जागी ८५० आली होती. आणि तिच्यातही ज्या इस्टेट गाडीची, म्हणजे आपण जिला स्टेशन वॅगन म्हणतो तिची, त्या वेळी सर्वत्र वाखाणणी चालली होती, ती टी-५ ही टर्बो इंजिनाची गाडी.

कंपनीच्या दफ्तरी इस्टेटची वंशावळ १९५३ च्या ड्युएटपासून सुरू होते. आठवडाभर दुकानाचा माल आणि रविवारी कुटुंब, अशी दुहेरी चाकरी त्या गाडीने करावी, हा तिच्या नावामागील हेतू. पुढे १४५ आणि तिच्यामागून १९७४ मध्ये २४५ आली. मागची आसने पाडली असता धिप्पाड मनुष्य पाय ताणून निजू शकेल एवढी जागा, हे या साऱ्या घराण्याचे लक्षण. वेगाची अपेक्षा त्यांच्याकडून सहसा कोणी केली नाही आणि त्यांनीही तो क्वचितच दाखवला.

हिसिंगेन बेटावर, टोरस्लांड्याच्या प्रचंड कारखान्यापासून फार दूर नसलेल्या एका लहानशा गॅरेजात, जुन्या आणि नव्या दोन्ही व्होल्वो हाताळणारे एक साठीतले मिस्त्री मला भेटले. मितभाषी गृहस्थ. मी नव्या गाडीविषयी विचारू लागताच त्यांनी काही न बोलता कपाटातून एक जुना टर्बो काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. १९८१ साली २४० ला जे टर्बो इंजिन बसवण्यात आले, त्याच जातीचा हा ऐवज होता. नारळाएवढा, गोगलगाईच्या शंखासारखी दोन कवचे पाठीला पाठ लावून जोडलेली, आणि त्या दोहोंमधून आरपार गेलेला एक बारीक पोलादी दांडा. मला त्यांनी तो दांडा बोटाने फिरवून पाहण्यास सांगितले. तो फिरेना.

टर्बोचे मर्म असे: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या अंगी नऊशे अंशांच्या आसपास उष्णता आणि बराच जोर शिल्लक असतो, आणि साध्या मोटारीत तो सारा धुराड्यावाटे हवेत उधळला जातो. त्या टाकाऊ वाऱ्यालाच कामाला जुंपावे, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. एका कवचातील चाक हा वायू फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जळते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करू लागते. भरात आले म्हणजे हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि एवढ्या वेगात त्याला पेलून धरणारी वस्तू काय, तर तेलाचा एक पातळ पापुद्रा. धातूला धातू लागत नाही. लागला की संपले. मानवी बुद्धीचा हा आविष्कार पाहून मी खरोखरच थक्क झालो. मिस्त्रींना मात्र त्यात नवल असे काही वाटत नव्हते.

एका गिऱ्हाईकाची टी-५ तपासणीसाठी फिरवून आणताना त्यांनी मला शेजारी बसवले. २.३ लिटरचे, पाच सिलिंडरांचे, आडवे बसवलेले इंजिन आणि २२५ अश्वशक्ती. बिनटर्बोच्या शेवटच्या २४० मध्ये जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून हिच्या निम्मीच, सुमारे ११५ अश्वशक्ती मिळत असे. पाय दाबला, क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग पाठ आसनात रुतली. सारी शक्ती पुढच्या चाकांवर जात असल्यामुळे स्टीअरिंग मिस्त्रींच्या हातांतून हट्टी वासराप्रमाणे ओढ घेऊ लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच स्मित उमटले. १९९४ साली कंपनीने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत हीच इस्टेट उतरवून जगाला चकित केले. तिच्या जाहिरातीने टर्बोंचीही विक्री वाढली असेल. मात्र स्पर्धेच्या नियमांमुळे त्या शर्यतीच्या गाडीत दोन लिटरचे साधेच इंजिन होते, टर्बो नव्हताच, याचा उल्लेख विक्रेत्याने आपणहून केलेला निदान मी तरी ऐकला नाही.

परत आल्यावर न फिरणाऱ्या दांड्याची कैफियत निघाली. मोठ्या रस्त्याने भरधाव येऊन मालकाने घरासमोर गाडी थांबवली आणि तत्क्षणी चावी फिरवली, की तेलाचा पंप थांबतो, पण तापून लाल झालेले चाक थांबताच थंड होत नाही. दांड्याभोवती अडकलेले तेल तेथेच करपते, त्याचा कोळसा बसतो, आणि पुढील खेपेस तेलाची वाट अरुंद झालेली असते. टेबलावरच्या दांड्यावर ते काळे कवच नखाने खरवडूनही निघत नव्हते. नव्या गाडीत बेअरिंगभोवती इंजिनचे पाणी खेळवून यावर तजवीज केली होती, हे मिस्त्री मान्य करत होते. तथापि गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवा, हा आपला हुकूम त्यांनी मागे घेतलेला नव्हता.

त्यांची खरी धास्ती निराळीच होती. २४० चे बॉनेट उघडले म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना हात घालण्यास ऐसपैस जागा दिसते. ८५० मध्ये तेच आडवे इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो आणि त्याच्या नळ्या अशा काही ठासल्या आहेत की एक नळी बदलण्यासाठी आधी चार वस्तू काढाव्या लागतात. त्यात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनांच्या चालीशी जुळवून ठेवणारा पट्टा. जुन्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनमध्ये तो तुटला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, एवढेच. नवा पट्टा घातला की प्रवास पुढे चालू. वीस व्हॉल्व्हच्या नव्या इंजिनमध्ये पट्टा तुटताच पिस्टन व्हॉल्व्हना भिडतात, आणि मग पट्टा बदलण्याची मुदत चुकवल्याचा दंड म्हणून साऱ्या सिलिंडर हेडचा हिशेब मालकाच्या माथी येतो. पहिला मालक मुदती पाळील. दहाव्या वर्षी, नोंदीचे पुस्तक हरवलेली हीच गाडी जो स्वस्तात घेईल, त्याला हे कोण सांगणार?

जुनी गाडी निर्दोष होती, असेही कोणी समजू नये. तिच्या हीटरचा पंखा बिघडला म्हणजे अवघा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि कारखान्यात आधी तो पंखा टांगून मग त्याच्याभोवती मोटार उभारली असावी, अशी थट्टा मिस्त्री लोक करतात. गंजाची तक्रार आहेच. शिवाय अपघातात बाजूने धडक बसल्यास फुगणारी, आसनात बसवलेली हवेची पिशवी जगात प्रथम ८५० मध्येच आली, आणि मुलेबाळे घेऊन फिरणाऱ्या मनुष्यापाशी या एका बाबीचे पारडे इतके जड आहे की बाकीचा वाद त्याने खुशाल सोडून द्यावा.

तेव्हा मला कोणी विचारले असते तर, नवी कोरी घेऊन पाच वर्षांनी विकणाऱ्याने टी-५ अवश्य घ्यावी, मात्र तेल बदलण्यात कंजुषी करू नये, असे मी सांगितले असते. जुनी घेऊन ती मोडेपर्यंत चालवणाऱ्याने शेवटच्या एक-दोन वर्षांतली, टर्बो नसलेली २४० इस्टेट शोधावी. १९८० ते ८७ च्या दरम्यानची स्वस्त मिळाली तर इंजिनवरील तारांच्या जुडग्याचे आवरण आधी चिमटीत धरून वाकवून पाहावे; त्या काळातले ते आवरण भुगा होऊन गळते, आणि तसे झाले असल्यास विक्रेत्याशी किमतीची बोलणी नव्याने सुरू करावीत.