'ऑर्नेट' म्हणजे नुसतं सुंदर नव्हे!

फ्रेंड्स, कॉलेज प्रोजेक्टसाठी आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यावर इंग्रजीत दोन पानं लिहायची आहेत. 'ब्यूटिफुल' लिहून लिहून कंटाळलात, मोबाइलमध्ये भारीतला शब्द शोधलात आणि 'ऑर्नेट फोर्ट' असं ठोकून दिलंत? मग खोडरबर काढा. आपला किल्ला ऑर्नेट नाही. तो दणकट आहे. जाडजूड तटबंदी, बुरूज, भोवती खंदक. तोफांचा मारा झेलायच्या भिंतीवर वेलबुट्टी कोण काढत बसणार?

ज्यावर सजावट भरपूर आहे, शिवाय ती बारीक आणि गुंतागुंतीची आहे, ते ऑर्नेट. दागिन्याला आपण 'ऑर्नामेंट' म्हणतो ना, दोघांचं लॅटिन मूळ एकच. बोलताना जोर 'नेट'वर द्या.

हा शब्द डोळ्यांनी बघायचा असेल तर किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीत जा. सोळाव्या शतकातली निजामशाही वास्तू. आकाराने एवढीशी, पण दगडातलं कोरीव काम बघत राहावं असं. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती उभारली, असं सांगतात. मग नजर वळवा शाह डोंगराकडे, चांदबीबी महालाकडे. (नाव चांदबीबीचं असलं तरी आहे तो सलाबतखानाचा मकबरा!) अष्टकोनी, तीन मजली, मोठमोठ्या कमानी, पण नक्षीकाम जवळपास नाहीच. त्याला खुशाल 'ग्रँड' म्हणा.

मैत्रिणीचं कौतुक करताना 'यू लुक ऑर्नेट' म्हणू नका, प्लीज. तिची नथ ऑर्नेट असू शकते, पैठणीचा पदरही. ती नाही. आणि कुंडीतलं शोभेचं झाड 'ऑर्नामेंटल', 'ऑर्नेट' नव्हे.

सगळ्यात फसवा वापर भाषेबद्दलचा. तुमच्या इंग्रजीला कुणी 'ऑर्नेट' म्हटलं तर लगेच खूश होऊ नका. बऱ्याचदा त्यात टोमणा असतो: शब्दांची आरास फार, मुद्दा सापडत नाही. इंटर्नशिपच्या अर्जात आपण हेच करतो. नेटवरून उचललेली जड विशेषणं चार ओळी चालतात आणि आपल्याला नेमकं काय येतं, ते वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिथे 'मला टॅली येतं' एवढं साधं वाक्य जास्त काम करतं.

आणि हो, प्रोजेक्टमध्ये किल्ल्यासाठी 'मॅसिव्ह' लिहा. 'ऑर्नेट' दमडी मशिदीच्या पॅराग्राफसाठी राखून ठेवा.