व्होडू आणि गुलामांचें बंड

पश्चिम आफ्रिकेंतील फोन भाषेंत ‘व्होडू’ म्हणजे दैवत. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतींत, म्हणजे आजच्या हैतींत, १७९१ सालीं सुमारें पांच लाख गुलाम ऊस-कॉफीच्या मळ्यांत राबत होते. १६८५ च्या फ्रेंच कायद्यानें त्यांना बाप्तिस्मा सक्तीचा केला होता आणि निरनिराळ्या मालकांच्या गुलामांनीं एकत्र जमणें हा गुन्हा ठरविला होता. कायदा करणाराला भय कशाचें होतें, हें या दुसऱ्या कलमावरून उघड दिसतें.

निरनिराळ्या प्रांतांतून धरून आणलेल्या या लोकांना परस्परांची भाषाहि कळत नसे. त्यांचीं दैवतें मात्र एकत्र नांदूं लागलीं. सापांसह चितारलेला सेंट पॅट्रिक हा भक्तांच्या लेखीं नागदेवता दांबाला! रात्रीं ढोल वाजत, दैवत अंगांत येई. आणि त्याच मेळ्यांत मळ्यामळ्यांतील माणसांच्या ओळखी पटत, निरोप फिरत.

ऑगस्ट १७९१ मध्यें ब्वा कायमाँच्या रानांत बूकमनप्रभृति पुढाऱ्यांनीं असाच मेळा भरविला. तेथें काळ्या डुकराचा बळी दिला गेला, असें १८१४ सालीं प्रसिद्ध झालेला एका फ्रेंच वैद्याचा वृत्तांत सांगतो. तो पडला गोऱ्यांच्या पक्षाचा, तेव्हां तपशील जपूनच घ्यावा. २२ ऑगस्टच्या रात्रीं उत्तरेकडील मळे पेटले, हें मात्र निर्विवाद आहे.

१ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र राष्ट्र झालें. परंतु ढोलाचें भय गोऱ्यांनाच होतें असें नाहीं. बंडाचा महान् सेनानी तूसँ लूव्हेर्त्यूर यानेंहि १८०० सालीं या मेळ्यांवर बंदी घातली होती. व्होडूला हैतींत धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळावयास २००३ साल उजाडावें लागलें.