सही आई-वडिलांचीच राहो

वडिलांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली असते. हात थरथरतो, धनादेशावरील सही जुळत नाही. "बाबा, यापुढे बँकेचे सगळे मीच पाहतो," असे मुलगा म्हणतो. त्यामागे प्रेमच असते. परंतु त्या दिवसापासून मंदिराच्या भांडारात टाकायच्या पन्नास रुपयांसाठीही वडिलांना मुलापुढे हात पसरावा लागतो. देहाला आधार मिळतो, मन मात्र परावलंबी होते.

वास्तविक सही जुळेनाशी झाली म्हणून व्यवहार सोडण्याचे कारण नाही. वृद्ध वा आजारी खातेदारास अंगठ्याचा ठसा उमटवून पैसे काढता येतात. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी त्या ठशाची ओळख पटवावी लागते व त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढील ज्येष्ठांना मूलभूत सेवा घरपोच मिळाव्यात, यासाठी बँकांनी प्रयत्न करावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा निर्देश आहे.

संयुक्त खाते उघडताना अर्जातील एक ओळ लक्षपूर्वक वाचावी. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पर्यायात कोणीही एक जण सर्व रक्कम काढू शकतो. 'प्रथम खातेदार किंवा हयात' या पर्यायात प्रथम खातेदार असेतोवर व्यवहार त्याच्याच सहीने होतात. आई-वडिलांचे नाव प्रथम ठेवून हा दुसरा पर्याय निवडल्यास सोय व स्वामित्व दोन्ही सांभाळली जातात.

राहते घर मुलांच्या नावे करण्याची घाई नसावी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्राचे तसे नाही. ते करायचेच असल्यास सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहावी. ती पाळली न गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरणाकडून हस्तांतर रद्द करवून घेता येते.

दूरध्वनीवरून 'डिजिटल अटके'ची धमकी आल्यास फोन ठेवून मुलांना कळवावे. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर तक्रार करावी. अन्य मदतीसाठी ज्येष्ठांकरिता १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत.

घरातही थोडे बदल पुरतात. न्हाणीघरात पकडदांडा, न घसरणारी फरशी, बाहेरूनही उघडेल अशी कडी आणि रात्री मंद दिवा असावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आई-वडिलांच्या सायंकाळच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना त्यांचा नियम सांगूनच ठरवावी. उपवासाच्या दिवशी मधुमेहाचे औषध कसे घ्यावे, हेही आधीच विचारावे.

महिन्यातून एकदा मुलाने वा मुलीने शेजारी बसून पासबुक वाचून दाखवावे, शंका निरसन करावी आणि पासबुक पुन्हा त्यांच्याच कपाटात ठेवावे. कपाटाची किल्ली मात्र आईच्या कमरेलाच असावी.