अर्धी झोप, अर्धा पहारा

भाटघर धरणाच्या फुगवट्यात, काठालगत विसावलेल्या हळदी-कुंकू बदकांकडे दुर्बीण लावून जरा निवांत पाहावं. माना वळलेल्या, चोची पाठीच्या पिसांत खुपसलेल्या. पण कडेला बसलेल्या एखाद्या बदकाचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा टक्क उघडा असतो, तोही बहुधा थव्याच्या बाहेर रोखलेला.

यांची जवळची भावकी म्हणजे मॅलार्ड बदकं. संशोधक नील्स राटेनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशी चार-चार बदकं ओळीनं बसवली आणि त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. उघड्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूचा मेंदू जागा असतो, उरलेला अर्धा झोपलेला! टोकाच्या बदकांत ही अर्धवट झोप मधल्यांच्या अडीचपट होती. शेजारी दोन्हीकडे सोबत असेल, तरच पुरतं झोपणं परवडतं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण झोप किती घ्यायची हे शरीराइतकंच आजूबाजूचा धोकाही ठरवतो, हे त्यात लख्ख दिसतं.

पण जे सतत उडतच असतात, ते झोपतात कधी? सह्याद्रीच्या कड्यांवर भिरभिरणाऱ्या मोठ्या पाकोळ्यांच्या जातीतले युरोपातले पक्षी सलग २०० दिवस हवेत राहिल्याचं २०१३ मध्ये नोंदलं गेलं. उडताना झोपता येतं याचा थेट पुरावा मात्र समुद्रावरच्या फ्रिगेट पक्ष्यांनी २०१६ मध्ये दिला: आकाशात दिवसाला सरासरी जेमतेम ४२ मिनिटं, जमिनीवर बारा तासांहून जास्त.

वेल्ह्यातल्या गोठ्यातली गाय जेमतेम चार तास झोपते. त्याच्या दुपटीएवढा वेळ ती पेंगते, आणि पेंगताना रवंथही चालू असतो. स्वप्नांची झोप लागली की मानेचे स्नायू सैलावतात. म्हणून तेवढ्यापुरतं ती बसून मान कुशीवर टेकवते. चरण्या-रवंथातच दिवस सरणाऱ्यांना झोपेची चैन नाही. रानातला आफ्रिकी हत्ती तर दोनच तासांवर भागवतो.

आणि माणूस? तोरण्यावर मेंगाईच्या देवळात पहिल्यांदा मुक्काम करणाऱ्याला नीट झोप लागत नाही, ती काही फक्त खालच्या फरशीमुळे नव्हे. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा उथळ झोपतो. उजव्या कानातला आवाज मुख्यतः डाव्या मेंदूकडे जातो, म्हणून त्या कानाशी वेगळा आवाज झाला, की माणूस चटकन जागा होतो. तीच माणसं काही दिवसांनी त्याच खोलीत पुन्हा झोपली, तेव्हा दोन्ही बाजूंची झोप सारखीच गाढ होती.