आरोपी दुसऱ्या राज्यात पळाला तर?

कागल ओलांडून निपाणीत शिरलं की महाराष्ट्र पोलिसांचे हात बांधले जातात, अशी एक समजूत आहे. दुसरी नेमकी उलटी: पोलीस कोणालाही, कुठूनही उचलून थेट आपल्या राज्यात नेऊ शकतात. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दुसरी अधिक घातक, कारण तिच्यामुळे माणसं आपला हक्क मागतच नाहीत.

गैरसमज: राज्याची हद्द संपली की पोलिसांचा अधिकार संपतो.

वस्तुस्थिती: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 45 नुसार, ज्याला वॉरंटविना अटक करता येते अशा व्यक्तीचा पाठलाग पोलीस देशात कुठंही करू शकतात. कलम 79 नुसार अटक वॉरंटही देशभर बजावता येतं. अमेरिकेत आरोपी एका राज्यातून दुसऱ्या राज्याच्या ताब्यात देण्यासाठी गव्हर्नरच्या पातळीवर मागणी होते. भारतात राज्याराज्यांत असं प्रत्यार्पण नाही.

गैरसमज: मग स्थानिक पोलिसांना विचारायची गरजच नाही.

वस्तुस्थिती: वॉरंट हद्दीबाहेर बजावायचं असेल, तर त्यावर तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाणे अंमलदाराचा शेरा घेणं हा नियम आहे. त्या विलंबानं आरोपी निसटणार असेल तरच सूट मिळते. वॉरंट नसतानाही स्थानिक ठाण्याला कळवावं, असे दंडक दिल्ली उच्च न्यायालयानं 2019 मध्ये घालून दिले.

समन्वय फिसकटला की काय होतं, हे 6 मे 2022 रोजी देशानं पाहिलं. पंजाब पोलिसांनी भाजप नेते तेजिंदर पाल सिंग बग्गा यांना दिल्लीतून अटक केली. त्यांच्या वडिलांच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला, हरियाणा पोलिसांनी कुरुक्षेत्राजवळ ताफा अडवला आणि बग्गा त्याच दिवशी दिल्लीत परतले. आपण आधी कळवलं होतं, असं पंजाबचं म्हणणं होतं; दिल्लीनं ते नाकारलं.

गैरसमज: अटकेनंतर दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या 24 तासांच्या मुदतीत प्रवासाचा वेळ मोजत नाहीत, म्हणून आरोपीला थेट मूळ राज्यात नेता येतं.

वस्तुस्थिती: राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये ‘सर्वांत जवळचा दंडाधिकारी’ असा स्पष्ट उल्लेख आहे. वगळायचा तो त्याच्यापर्यंतच्या प्रवासाचा वेळ. पुढचा लांबचा प्रवास करायचा, तर त्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड घ्यावा लागतो.

गैरसमज: ट्रान्झिट रिमांड म्हणजे नुसता शिक्का.

वस्तुस्थिती: ऑगस्ट 2018 मध्ये पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात गौतम नवलखा यांना दिल्लीत अटक केली आणि तिथल्या दंडाधिकाऱ्यांनी ट्रान्झिट रिमांड दिला. तपासाचे कागद मराठीत होते. दंडाधिकाऱ्यांना ते वाचताच आले नसतील आणि केस डायरी पाहिलीच गेली नसेल, तर अटकेची कारणं तपासली कशी, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला. 1 ऑक्टोबरला न्यायालयानं तो आदेश रद्द केला. नवलखा दोषी की निर्दोष, यावर तो निकाल नव्हता. ज्याच्यापुढे आरोपी उभा राहतो त्या दंडाधिकाऱ्यानं स्वतः विचार केलाच पाहिजे, हा त्याचा गाभा.

गैरसमज: गुन्हा ज्या राज्यात, अटकपूर्व जामीनही फक्त तिथंच.

वस्तुस्थिती: नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की दुसऱ्या राज्यातलं सत्र किंवा उच्च न्यायालयही मर्यादित काळासाठी असं संरक्षण देऊ शकतं. मात्र तपास अधिकाऱ्याला नोटीस हवी, कारणं नोंदवलेली हवीत आणि सोयीचं न्यायालय शोधत फिरणाऱ्याला ही सवलत नाही.

गैरसमज: काही वर्षं लपून काढली की खटला आपोआप बंद होतो.

वस्तुस्थिती: फरार आरोपीला हजर होण्यासाठी किमान 30 दिवसांची मुदत देऊन उद्घोषणा निघते, मालमत्तेवर जप्ती येते. गंभीर गुन्ह्यात उद्घोषित गुन्हेगार ठरलेल्यावर, आरोप निश्चितीनंतर 90 दिवस उलटले की आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की, त्याच्या गैरहजेरीतही खटला चालवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेतली ही नवी तरतूद आहे.

परराज्यातले पोलीस दारात आले तर अडथळा आणू नका. पण ओळखपत्र पाहा, अटकेची कारणं समजेल अशा भाषेत लेखी मागा, स्थानिक ठाण्यात नोंद झाली का ते विचारा आणि कोणत्या न्यायालयात हजर करणार हे लिहून घ्या. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा.