शब्द फोडा, परिसर ओळखा



इंग्रजीच्या परीक्षेत पर्यावरणाचा विषय वारंवार भेटतो. कधी उताऱ्याखाली शब्दार्थ विचारलेले असतात, कधी दिलेल्या शब्दाला उपसर्ग किंवा प्रत्यय लावायचा असतो, तर कधी प्रदूषणावर निबंध लिहायचा असतो. मग परीक्षा आठ दिवसांवर आली, की वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ असा तक्ता करून घोकंपट्टी सुरू होते. डीफॉरेस्टेशन म्हणजे जंगलतोड, एमिशन म्हणजे उत्सर्जन! पेपर संपताच यांतले निम्मे शब्द विसरले जातात, आणि जे आठवतात त्यांचीही एकमेकांत गल्लत होते.

वास्तविक हे शब्द असे कोरडे नाहीत. निसर्गात काय घडते ते पाहून कोणीतरी ते मुद्दाम घडवले किंवा दुसऱ्या भाषेतून उचलले. त्यांची घडण समजली, की अर्थ, स्पेलिंग आणि शास्त्र या तिन्ही गोष्टी एकदमच पदरात पडतात. कशा, ते पाहू.

घर एक, शब्द दोन

१८६६ साली अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने, सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातील संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रासाठी एक नाव तयार केले. ग्रीक भाषेत ‘ओइकोस’ म्हणजे घर. त्याला शास्त्र या अर्थाचा ‘लॉजी’ जोडला आणि इकॉलॉजी हा शब्द झाला. गंमत अशी, की इकॉनॉमी या शब्दातही तेच घर आहे. तेथे त्याला व्यवस्था या अर्थाचा शब्द जोडलेला आहे. घर कसे चालते ते जाणून घेणे ही इकॉलॉजी, आणि घराचा खर्च चालवणे ही इकॉनॉमी, असे लक्षात ठेवा.

पुढे १९३५ साली आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखात इकोसिस्टिम हा शब्द छापून आला. गावातले तळे घ्या. त्यातले मासे, शेवाळ, बेडूक आणि जीवाणू, त्याचबरोबर पाणी, तळाचा गाळ आणि वर पडणारे ऊन, हे सारे मिळून एक परिसंस्था होते. उत्तरात केवळ प्राणी आणि वनस्पती लिहून थांबलात, तर व्याख्या अर्धीच राहील.

आता एन्व्हायरन्मेंट हा शब्द पाहा. याच्या मुळाशी ‘सभोवार वेढणे’ या अर्थाचे जुने फ्रेंच क्रियापद आहे. आपल्या पर्यावरण या शब्दातही ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘आवरण’ म्हणजे वेष्टण. दोन्ही भाषांनी एकच कल्पना मांडली आहे! स्पेलिंगची युक्तीही येथेच सापडते. ‘एन्व्हायरन’ या क्रियापदाला ‘मेंट’ हा प्रत्यय लागला आहे, म्हणून ‘मेंट’च्या आधी ‘एन’ हे अक्षर हवेच. गव्हर्न्मेंट या शब्दातही हेच घडते.

डोके, धड आणि शेपूट

लांबलचक शब्द दिसला, की त्याचे तुकडे करा. डीफॉरेस्टेशनमधील ‘डी’ म्हणजे काढून टाकणे, मधला ‘फॉरेस्ट’ ओळखीचा, आणि शेवटचा ‘एशन’ क्रियेचे नाम करणारा. आता डोके बदला. ‘री’ लावला, की तोडलेल्या जंगलाच्या जागी पुन्हा झाडे लावणे, म्हणजे रीफॉरेस्टेशन. ‘अ’ लावला, की दीर्घकाळ जंगल नसलेल्या जमिनीवर ते उभारणे, म्हणजे अफॉरेस्टेशन. मात्र हा ‘अ’ आपल्या ‘अज्ञान’मधला नकारार्थी ‘अ’ नव्हे. तो लॅटिन भाषेतून आला आहे आणि ‘कडे’ असा दिशेचा अर्थ देतो.

बायोडिग्रेडेबल या शब्दात तर तीन तुकड्यांत एक पूर्ण प्रक्रिया सांगितली आहे. ‘बायो’ म्हणजे सजीव, ‘डिग्रेड’ म्हणजे विघटन होणे आणि ‘एबल’ म्हणजे शक्य असणारे. जीवाणू, बुरशी यांसारख्या सजीवांकडून ज्याचे विघटन होऊ शकते, ते बायोडिग्रेडेबल. केळ्याची साल तशी आहे. प्लॅस्टिकची साधी पिशवी उन्हात वाळून तिचे तुकडे होतात, पण ते प्लॅस्टिकचेच राहतात. त्यांतल्या बारीक कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तुकडे होणे आणि विघटन होणे यांतला फरक त्या एका शब्दातच आहे.

‘साइड’ हे शेपूट लॅटिनमधील मारणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले. त्यामुळे इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक, हर्बिसाइड म्हणजे तणनाशक आणि फंगिसाइड म्हणजे बुरशीनाशक. एक शेपूट कळले आणि तीन शब्द मिळाले!

शब्दांचा प्रवास

काही शब्दांचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. मॉन्सून हा शब्द अरबीतील ऋतू या अर्थाच्या ‘मौसिम’पासून पोर्तुगीज भाषेमार्गे इंग्रजीत पोहोचला. आपला ‘मोसम’ही त्याचाच भाऊ. सायक्लोन हा शब्द कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज गृहस्थाने रूढ केला. बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करताना त्याला वारे सापाच्या वेटोळ्यासारखे गोल फिरताना आढळले, म्हणून त्याने तशा अर्थाचा ग्रीक शब्द निवडला. जंगल हा शब्द तर इंग्रजांनी येथूनच नेला. त्याचे मूळ संस्कृत ‘जांगल’ म्हणजे मात्र रुक्ष, विरळ झाडांचा प्रदेश!

स्मॉग हा शब्द स्मोक आणि फॉग यांच्या जोडणीतून झाला. १९०५ साली लंडनमधील डॉक्टर हेन्री डेव्हो यांनी तो वापरला. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस असे दाट आवरण बसले, की सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा त्या वेळचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बराच मोठा असल्याचे दिसले. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. मराठीनेही धूर आणि धुके जोडून ‘धुरके’ हा नेमका शब्द केला आहे.

हे जुळे नव्हेत

परीक्षेत सर्वांत जास्त गुण जातात ते सारख्या वाटणाऱ्या शब्दांमुळे. आज दुपारी पाऊस पडेल का, हा वेदरचा प्रश्न. एखाद्या प्रदेशाच्या हवेची साधारण ३० वर्षांची सरासरी पाहिली, की क्लायमेट कळते. एका थंड दिवसावरून क्लायमेट चेंज खोटा ठरत नाही, तो यामुळेच.

दुसरी गल्लत ग्रीनहाऊस इफेक्ट आणि ओझोनचा थर यांची. सूर्यप्रकाशाने तापलेली जमीन उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. हवेतील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे वायू ती शोषतात आणि तिचा काही भाग जमिनीकडे परत पाठवतात. हे वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंश सेल्सियसच्या आसपास न राहता उणे १८ अंशांपर्यंत उतरले असते. काळजीची गोष्ट ही, की कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० भागांच्या वर गेला आहे. ओझोनचा थर मात्र सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. १९८५ साली अंटार्क्टिकावर तो विरळ झाल्याचे जाहीर झाले आणि तो झिजवणारी रसायने कमी करण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. ‘ओझोनला भोक पडल्याने पृथ्वी तापते’ असे वाक्य लिहिले, तर व्याकरण बरोबर असूनही उत्तर चुकेल.

एमिशन आणि एफ्लुअंट हेही असेच. एमिशन म्हणजे बाहेर सोडलेले, हा शब्द बहुधा हवेत जाणाऱ्या वायूंसाठी येतो. एफ्लुअंट म्हणजे बाहेर वाहणारे, हा कारखान्याच्या किंवा गटाराच्या सांडपाण्यासाठी.

वाक्यात बसवताना

पोल्यूशन आणि गार्बेज यांचे अनेकवचन करू नका. स्पीशीज हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. शब्दयोगी अव्यये शब्दासोबतच पाठ करा: हार्मफुल टू, डिपेंड ऑन, अवेअर ऑफ. शिवाय एका शब्दाचे सारे कुटुंब लिहून ठेवा: पोल्यूट, पोल्यूशन, पोल्यूटंट, पोल्यूटेड.

गुणांच्या पलीकडे

२०२० साली केंद्र सरकारने प्रकल्पांच्या पर्यावरणावरील परिणामांविषयी नव्या नियमांचा मसुदा काढून लोकांच्या सूचना मागवल्या. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. ज्यांच्या नद्या, शेते आणि जंगले यांच्याशी त्याचा संबंध, त्यांतल्या अनेकांना तो वाचताच येत नव्हता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला. मराठी ही त्यांपैकीच एक.

आजही एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी सारांश स्थानिक भाषेत मिळतो, पण सविस्तर अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. त्यात हेच शब्द भेटतात: एफ्लुअंट, एमिशन, बायोडायव्हर्सिटी. आपल्या ओढ्यात काय सोडले जाणार आहे, हे घरातल्या मोठ्या माणसांना वाचून सांगणारा एखादा विद्यार्थी गावात असला, तर तेथे विचारले जाणारे प्रश्नच बदलतील.

तेव्हा नव्या वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्याचे तुकडे आणि तिसऱ्यात आपल्याच गावातले उदाहरण लिहा. रोज दोनच शब्द घ्या. सुरुवातीला नॉनरिन्यूएबल हा शब्द फोडून पाहा. त्याचे चार तुकडे होतात. ते कोणते, आणि तुमच्या घरात या शब्दाचे उदाहरण कोठे आहे, हे शोधून उद्या वर्गात सांगा.