पाहुणा, निर्वासित आणि एक तारीख

ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ आमची चाळ. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर राहत होती. एक १९७२ साली आलेलं, दुसरं १९७३च्या मे महिन्यात. दोघंही पैसे वेळेवर द्यायची, गणपतीची वर्गणीसुद्धा.

मुंबईच्या भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जो जागेत राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. पहिलं बिऱ्हाड कायमचं राहिलं. दुसऱ्यानं करार संपल्यावर सामान बांधून डोंबिवली गाठली.

आई म्हणाली, “माणसं तर सारखीच. मग कायद्याला वेगळं काय दिसलं रे?”

तारीख दिसली. एवढंच.

आईचं माहेर कोल्हापूरचं. लहानपणी तिनं बाजारात गोऱ्या बायका-मुलं पाहिली होती. ती पोलंडची. १९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती भारतात पोहोचली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात अशी सुमारे पाच हजार माणसं राहिली. निर्वासितांचा जागतिक करार तेव्हा झालाच नव्हता. त्यांना मिळाला तो आसरा, हक्क नव्हे.

ती गेली आणि त्याच जागी फाळणीत घरदार सुटलेले सिंधी आले; आजचं गांधीनगर ते हेच. त्यांच्यासाठी मात्र राज्यघटनेत कलम होतं, आणि कलमात तारीख होती. १९ जुलै १९४८पूर्वी आलेला, इथंच राहिलेला माणूस नागरिक. त्यानंतर आलेल्यानं अर्ज करून नोंदणी करायची.

मराठीत आपण पूरग्रस्ताला, धरणग्रस्तालाही निर्वासित म्हणून जातो. १९५१चा आंतरराष्ट्रीय करार इतका सैल नाही. माणूस स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल, ही त्याची भीती साधार असली पाहिजे. नुसती भूक यात बसत नाही. इथंही आधी तारीख होतीच: १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटना. ती अट १९६७च्या पुरवणी करारानं काढली. व्याख्येत बसलेल्याला मात्र जिथं धोका आहे तिथं परत लोटता येत नाही.

ब्रिटनच्या कायद्यात याखेरीज मानवी हक्कांचा दावा वेगळा करता येतो. छळाची भीती नसली, तरी परत पाठवल्यानं कुटुंबाची ताटातूट होईल, असं तिथं मांडता येतं. अर्जात ‘कुटुंब’ या शब्दात कोण बसतं, यावर मग एखाद्याचं सारं आयुष्य लटकतं.

भारतानं १९५१च्या करारावर सही केलेली नाही. चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं, की जीविताचा हक्क नागरिकापुरता नाही, इथं राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत पुन्हा तारीख आली, ३१ डिसेंबर २०१४. तीन देश आणि सहा धर्मही आले. त्यावरचा वाद आपण सर्वांनी पाहिला.

व्याख्या नको, असं मी म्हणणार नाही. व्याख्या नसली, की माणूस दुसऱ्याच्या दयेवर जगतो; दार उघडणाऱ्याची मर्जी फिरली, की संपलं. पण रेघ कुठंही ओढली, तरी कुणीतरी रेघेपलीकडे उभा असतोच. त्याचं म्हणणं ऐकून घेणारं कुणी आहे का, हे कायदा लिहिणाऱ्यानं पाहायला हवं.

डोंबिवलीला गेलेलं ते बिऱ्हाड पुढं कित्येक वर्षं गणपतीत चाळीत यायचं. कुणी “पाहुणे आले” म्हटलं, की आई रागवायची. म्हणायची, “पाहुणे कसले? इथलेच आहेत ते.”